बिलाला चाळीस सेकंद का लागतात? कोटेशनमधल्या शब्दांचा अर्थ

गिरगावातून एका ताईंनी विचारलंय. त्यांचं औषधांचं दुकान आहे. आतल्या खोलीत एक मुख्य पीसी, ज्याला दुकानातले सगळे सर्व्हर म्हणतात, आणि समोर काउंटरवर दोन. मुख्य पीसी २०१७ सालचा, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. संध्याकाळी सातनंतर गर्दी झाली की एकेका बिलाला चाळीस सेकंद लागतात, आणि दरवाजाजवळचा काउंटर दुसऱ्यापेक्षा जास्त अडतो. दुरुस्तीवाल्याने कोटेशन दिलंय: रॅम ८ ची १६ जीबी डीडीआर४, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, इंटरनेट १०० वरून ३०० एमबीपीएस, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, ड्युअल बँड राउटर आणि क्लाउड बॅकअप. त्या विचारतात, यातलं काय म्हणजे काय, आणि मला नेमकं काय लागणार आहे?

ताई, तुम्ही आधी अर्थ विचारलात आणि मग खर्च, हे फार चांगलं केलंत. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून दुकानांची, दवाखान्यांची, छोट्या ऑफिसांची मशीन्स उभी करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. हळू चालणारं मशीन पाहिलं की मी पहिल्यांदा एवढंच शोधतो, की ते वाट कुणाची बघतंय. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो; माहिती कुठून तरी यायची असते आणि ती येत नसते. तुमच्या कोटेशनमधला प्रत्येक शब्द म्हणजे माहिती जिथे थांबते किंवा जिथून येते अशा एका जागेचं नाव आहे. कुठली जागा अडवतेय हे कळलं की कुठला पार्ट लागेल ते आपोआप कळतं.

या जागांमधलं अंतर किती आहे ते आधी डोळ्यांसमोर आणू. तुमचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा धरा. म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. यातला एक ठोका एका सेकंदाएवढा लांबवला असं समजा. मग प्रोसेसरच्या पोटातच असलेल्या छोट्या साठ्यातून, म्हणजे कॅशमधून, एखादी गोष्ट चार-पाच सेकंदांत हाताला लागते. रॅममधून आणायला साधारण चार मिनिटं. एसएसडीतून आणायला साडेतीन दिवस. आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरून आणायची तर जवळजवळ एक वर्ष. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर कॅश म्हणजे गल्ल्याजवळचा खण, रॅम म्हणजे पाठीमागचं रॅक, एसएसडी म्हणजे भिवंडीचं गोदाम, आणि हार्ड डिस्क म्हणजे कंपनीकडे ऑर्डर नोंदवून कंटेनरची वाट बघणं. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर एका बिलासाठी औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी, शिल्लक साठा, जीएसटीचा दर असं कितीतरी वेगवेगळ्या जागांवरून उचलतं. त्यातल्या किती फेऱ्या रॅकपर्यंत जातात आणि किती कंटेनरपर्यंत, यावर ते चाळीस सेकंद ठरतात.

आता रॅम. दुकानात आणि घरात ‘मेमरी’ या शब्दाने मोठा घोळ घातलाय. मोबाइलवर ‘मेमरी फुल’ असा मेसेज आला की भरलेली असते ती साठवणीची जागा, म्हणजे स्टोरेज. रॅमचा तिथे संबंध नसतो. मोबाइलच्या दुकानात ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’ असं सांगतात, त्यातलं रॉमही खरं तर स्टोरेजच. कॉम्प्युटरवाला मेमरी म्हणतो तेव्हा त्याला रॅम म्हणायची असते. दोघांचा हिशेब जीबीतच होत असल्यामुळे लोक ‘५१२ जीबी आहे ना, मग ८ ने काय फरक पडतो’ असं विचारतात. फरक असा की ५१२ ही माल ठेवायची जागा आहे आणि ८ ही आत्ता, या क्षणी उघडलेल्या कामाची.

आणखी एक फरक आहे, आणि इथे माझी रॅकची उपमा तुटते. रात्री लाइट गेली म्हणून रॅकवरची औषधं नाहीशी होत नाहीत. रॅममधलं मात्र जातं. रॅममधला एकेक बिट, म्हणजे एकेक ० किंवा १, हा एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कण धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं आणि आजही आपण त्याच तत्त्वावर चालतोय. हा कपॅसिटर गळका असतो. त्यामुळे रॅममधली प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदांत वाचून पुन्हा भरावी लागते. हे भरणं थांबलं की संपलं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. त्यानंतरचे चार दिवस मला फोन येत होते ते सगळे एकाच तक्रारीचे: बिलिंगची फाइल उघडत नाही. अर्धं लिहून झालेलं रॅममध्ये होतं, डिस्कवर पोचलंच नव्हतं. तुमच्या कोटेशनमध्ये यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी पीसी काही वेळ चालू ठेवणारी बॅटरीची पेटी, नाही, आणि मला तीच मोठी उणीव वाटते. दुकानाला इन्व्हर्टर असला तरी त्याला वीज बदलून घ्यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. मुख्य पीसीला स्वतंत्र यूपीएस हवाच.

८ ची १६ करायची का? हे अंदाजाने ठरवू नका. संध्याकाळी साडेसातला, ऐन गर्दीत, आतल्या पीसीवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात मेमरीचा आकडा बघा आणि शेजारी डिस्कचा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. अशा वेळी विंडोज काय करतं, तर रॅममधलं न लागणारं सामान उचलून डिस्कवर एका फाइलमध्ये नेऊन ठेवतं. तिला पेज फाइल म्हणतात. ते सामान पुन्हा लागलं की डिस्कवरून परत आणायचं. म्हणजे चार मिनिटांचं काम वर्षावर गेलं. रॅमची टंचाई अशी डिस्कच्या रूपाने दिसते, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. पण मेमरी साठ-पासष्ट टक्क्यांवर असेल आणि डिस्क शंभरवर चिकटली असेल, तर १६ जीबी टाकून एक सेकंदही वाचणार नाही. रिकामं रॅक वाढवून माल लवकर येत नाही.

डीडीआर४ ही रॅमची पिढी आहे. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, पट्टीवरचा काप मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेला असतो. जोर लावून बसवू गेलात तर मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, जाईल. २०१७ च्या मशीनमध्ये दोन्ही पिढ्या सापडतात, तेव्हा झाकण उघडून खात्री करूनच घ्या. पुढचा ३२०० सारखा आकडा म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण, दर वेळी ८ बाइट, म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. बिलिंगला या आकड्याने काहीही फरक पडत नाही. जुनी पट्टी २४०० ची आणि नवी ३२०० ची लावली तर दोन्ही २४०० वरच चालतील, एवढं ध्यानात ठेवा.

एक गोष्ट मुंबईकर म्हणून सांगतो. गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर तुमचं दुकान, हवेत खार आणि पावसाळ्यात ओल. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात त्याने मळतात. पीसी सुरू होत नाही, नुसता बीप-बीप वाजतो, आणि ‘रॅम गेली’ म्हणून नवी विकली जाते. प्लग काढा, पट्टी काढा, ते दात शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा झटकून पट्टी परत बसवा. दर जुलैत मी अशा कितीतरी ‘मेलेल्या’ पट्ट्या जिवंत केल्यात.

आता खऱ्या रोगाकडे येतो. तुमच्या वर्णनावरून माझं बोट हार्ड डिस्कवर आहे.

हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी चकचकीत तबकडी आणि तिच्यावर न टेकता सरकणारा एक हात. १९५६ साली आयबीएमने पहिली अशी डिस्क विकायला काढली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. आजची तुमची १ टीबीची डिस्क तळहाताएवढी आहे, पण तत्त्व तेच: हात योग्य वर्तुळावर न्या, मग हवा तो तुकडा फिरत हाताखाली येईपर्यंत थांबा. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे, सेकंदाला १२०. सरासरी अर्धा फेरा थांबायचं म्हटलं तर ४ मिलिसेकंद, हात सरकायला आणखी आठ-नऊ. बेरीज करा. सेकंदाला अशा पंचाहत्तर-ऐंशी फेऱ्या होतात, त्यापेक्षा जास्त नाही. मोठा व्हिडिओ वाचायचा तर ती सलग धावते आणि सेकंदाला दीडशे एमबीसुद्धा देते. पण बिलिंगचा डेटा विखुरलेला, तुकड्या-तुकड्यांचा. दोन काउंटर एकदम मागायला लागले की हात इकडून तिकडे पळत राहतो. तुमची संध्याकाळ तिथे जाते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. फ्लॅश चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि तो वीज गेली तरी टिकतो. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही फ्लॅश मेमरी शोधली. पेन ड्राइव्ह, मोबाइल, मेमरी कार्ड, सगळीकडे तीच आहे. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो विखुरलेले तुकडे वाचते. पंचाहत्तर कुठे आणि हजारो कुठे. सहा बाबींपैकी एकच घ्यायची असं कुणी म्हणालं तर मी डोळे मिटून हीच घेईन.

पण कोटेशनमधल्या एनव्हीएमई या शब्दावर थांबा. इथे तीन गोष्टी लोक एकात मिसळतात. एम.२ हा नुसता आकार आहे: च्युइंगमच्या पट्टीसारखी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी, म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं. साटा आणि एनव्हीएमई या बोलण्याच्या पद्धती आहेत. साटा ही जुनी, हार्ड डिस्कच्या जमान्यातली, सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. एनव्हीएमई थेट प्रोसेसरच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गावरून जाते आणि तिसऱ्या पिढीतसुद्धा ३५०० एमबीपर्यंत पोचते. एम.२ आकारात दोन्ही मिळतात, आणि खाच एकीची, पट्टी दुसरीची असं झालं तर पीसीला ती दिसतही नाही. २०१७ च्या स्वस्त बोर्डांवर एम.२ ची खाच असतेच असं नाही. तुमच्यावर नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या, जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला लागते. बिलिंगमध्ये तुम्हाला साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक जाणवणारही नाही, कारण तुमचं दुखणं वाट बघण्याचं आहे आणि ते दोन्हींत सारखंच बरं होतं. एनव्हीएमईसाठी कुणी बोर्ड बदलायला सांगितला तर नाही म्हणा.

५१२ लावल्यावर विंडोज ४७६ दाखवेल. दुकानदाराने फसवलं असं समजून अनेक जण भांडायला परत जातात. बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं, १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७ कोटींच्या वर. माल तेवढाच, माप वेगळं. शेर आणि किलोसारखं. या दुसऱ्या मापाला १९९८ सालीच गिबीबाइट असं वेगळं नाव दिलं गेलं, पण विंडोज अजूनही त्याला जीबीच म्हणतं. १ टीबी याच कारणाने ९३१ दिसते. मात्र रस्त्यावर मिळणारा, भलताच स्वस्त २ टीबीचा पेन ड्राइव्ह ही वेगळी गोष्ट. त्याच्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जागा पूर्ण दाखवतो आणि खरी क्षमता संपली की जुन्यावर नवं लिहीत सुटतो. असल्या ड्राइव्हवर बॅकअप ठेवू नका.

टीएलसी, क्यूएलसी हे शब्द डब्यावर दिसतील. एका कप्प्यात तीन बिट कोंबले तर टीएलसी, चार कोंबले तर क्यूएलसी. जास्त कोंबलं की स्वस्त पडतं, पण लिहिणं मंदावतं आणि आयुष्य घटतं. टीएलसी घ्या. आयुष्य टीबीडब्ल्यू या आकड्यात लिहितात, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी हमी देते. ३०० टीबीडब्ल्यूच्या एसएसडीवर रोज २० जीबी लिहिले तरी ४१ वर्षं निघतात, तेव्हा ‘एसएसडी झिजते’ या भीतीने झोप घालवू नका. भीती बाळगायची तर दुसऱ्या गोष्टीची. हार्ड डिस्क जायच्या आधी बहुधा खडखडते, अडखळते, चार दिवसांची नोटीस देते. एसएसडी पुष्कळदा एका सकाळी गप्पच होते. बॅकअपकडे मी पुढे येतोय ते यासाठीच.

आता तारांकडे. इंटरनेट १०० वरून ३०० करायचं, हे कोटेशनमधलं मला सर्वांत न पटलेलं वाक्य. तुमचा काउंटर आतल्या पीसीशी बोलतो तो इंटरनेटवरून बोलतच नाही. दुकानातल्या दुकानात, स्विचमधून जाणाऱ्या तारेने बोलतो. याला लॅन म्हणतात. तुमचं इंटरनेट आत्ता पूर्ण बंद केलं तरी बिल निघेल, करून बघा. मग बाहेरचा रस्ता रुंद करून घरातला बोळ कसा मोकळा होणार?

आणि हे एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. ८ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. जाहिरात बिटांत असते आणि डाउनलोडची खिडकी बाइटांत मोजते, म्हणून ‘शंभरचा प्लॅन घेतला आणि बाराच येतात’ अशी तक्रार घेऊन लोक भांडतात. बारा येत असतील तर पूर्ण येतायत.

स्विच म्हणजे दुकानातल्या मशीनना एकमेकांशी जोडणारी पेटी. राउटर म्हणजे दुकानाचं जाळं आणि बाहेरचं जग यांच्या दारावर बसलेला. फायबरचा उजेड आत येतो तो ओएनटी नावाच्या पेटीत, आणि हल्ली बहुतेक ठिकाणी ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. सगळे त्याला मोडेमच म्हणतात, चालतं. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस, जुना स्विच १०० चा असेल. गिगाबिट स्विच आज महाग नाही, घ्यायला हरकत नाही. पण दरवाजाजवळचा एकच काउंटर जास्त अडतो म्हणालात ना, तो स्विचचा दोष असेल असं मला वाटत नाही. स्विचचा असता तर दोघांनाही सारखाच झाला असता. मला तारेचा संशय आहे.

नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ दिलेल्या. तो पीळच बाहेरचा गोंधळ आत येऊ देत नाही. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उंदराने एक जोडी कुरतडली की लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि कुणाला कळत नाही. त्या काउंटरवर नेटवर्क अडॅप्टरचं स्टेटस उघडून स्पीड वाचा. आजच्या १०० च्या स्विचवर तिथे १० दिसले तर तार गेलीच. नवा स्विच लावल्यावर एकाला १००० आणि दुसऱ्याला १०० दिसलं तरी तार बदला.

याहून छुपा दोष आहे तो टोकाला प्लग लावताना होतो. क्रिम्पिंगचा क्रम आम्हाला पाठ असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याच्या दोन येतात, कारण तिसरी आणि सहावी पिन ही एक जोडी असते. नवशिका पोरगा रंगाशेजारी रंग लावून मोकळा होतो, दोन्ही टोकांना सारखाच. टेस्टरवर आठही दिवे लागतात! तार पास होते. पण सिग्नलची जोडी दोन वेगळ्या पिळांत फाटलेली असते, आणि छोटं काम चालतं, गर्दी झाली की माहिती हरवते, पुन्हा पाठवली जाते, पुन्हा हरवते. परळच्या एका दवाखान्यात तीन वर्षं ‘सॉफ्टवेअर खराब’ म्हणून भांडण चाललं होतं. मी दोन प्लग कापून नव्याने लावले, वीस मिनिटांचं काम. तुमच्या काउंटरचा प्लग पारदर्शक असेल, डोळ्यांनी रंग वाचता येतील. वाचा आणि माझ्या क्रमाशी ताडून बघा. नवी तार टाकायचीच झाली तर कॅट६ घ्या आणि टोक खरवडून बघा: आत रुपेरी निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. अस्सल तांबं आतपर्यंत तांबडं असतं.

ड्युअल बँड राउटर म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलणारा. २.४ लांब जातो, भिंती ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. गिरगावच्या एका चाळीत किती घरांचं वाय-फाय चालू असेल त्याचा विचार करा; सगळी या तिघांत दाटलेली. ५ मध्ये जागा मोकळी, वेग जास्त, मात्र जाड भिंतीपुढे तो थकतो. मोबाइलवर यूपीआयसाठी वगैरे घ्यायचा तर घ्या. बिलिंगचे काउंटर मात्र तारेवरच ठेवा. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं.

राउटरशी संबंधित एक दुखणं तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारून ठेवतो. लाइट जाऊन आली की कधी काउंटरना सर्व्हर सापडत नाही का? दुकानातल्या प्रत्येक मशीनला १९२.१६८ ने सुरू होणारा एक आकडी पत्ता असतो, तो आयपी ॲड्रेस. हे पत्ते राउटर वाटतो, त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. सगळी मशीन्स एकदम उठली की मुख्य पीसीला कालचा पत्ता मिळेलच असं नाही, आणि काउंटर मात्र जुन्याच दारावर टकटक करत राहतात. उपाय पाच मिनिटांचा आणि फुकट: राउटरमध्ये मुख्य पीसीचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा जन्मजात क्रमांक, नोंदवून त्याला एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा.

हे १९२.१६८ चे पत्ते दुकानापुरतेच. शेजारच्या दुकानातही तेच असतील. बाहेरचे पत्ते ३२ बिटांचे, एकूण सुमारे ४२९ कोटी, जगाला कधीच अपुरे पडले. म्हणून एका बाहेरच्या पत्त्याआड सगळं दुकान लपतं. ते काम राउटर करतो, त्याला नॅट म्हणतात. इंटरनेट कंपनीनेही तुमच्यासारखी शेकडो गिऱ्हाइकं एका पत्त्याआड ठेवली असतील तर राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसतो. अशा वेळी घरून दुकानाचा कॅमेरा थेट उघडत नाही, आणि त्यात कॅमेरेवाल्याचा काही दोष नसतो. कंपनीकडे स्थिर पत्ता मागावा लागतो.

उरला क्लाउड बॅकअप. हा घ्याच, पण काय घेताय ते समजून. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतली डिस्क, एवढंच. तिथपर्यंत जायला अपलोडचा वेग लागतो, डाउनलोडचा नाही, आणि प्लॅनवर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा डाउनलोड. तुमचा डेटा ४० जीबी धरला तर १०० एमबीपीएस अपलोडने पहिली प्रत जायला पाऊण ते एक तास, ५ एमबीपीएसने अठरा तास. नंतर रोजचा बदल तेवढा जातो. म्हणजे इथेही ३०० ची गरज नाही. फक्त कंपनीला विचारा, माझा अपलोड किती?

सिंक आणि बॅकअप यांतला फरक विचारून घ्या. सिंक म्हणजे आरसा. इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं, इथे व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की तिथेही कुलूप. बॅकअपमध्ये कालची, परवाची, महिन्यापूर्वीची प्रत वेगळी राहते. पीसीला कायम लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही याच कारणाने बॅकअप होत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिन्यात तळमजल्यावर एक छपाईवाले माझे गिऱ्हाईक होते, पिढ्यांचा व्यवसाय. त्यांचा पीसी टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. मी स्वतःच तिथे ठेवायला सांगितली होती, हाताशी असावी म्हणून. दोन्ही गढूळ पाण्यात गेल्या, नऊ वर्षांचे लेजर आणि डिझाइन गेले. ते गृहस्थ मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला तीन प्रतींचा आग्रह धरतो: एक मशीनमध्ये, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर. तुमच्या बाबतीत बाहेरची प्रत क्लाउडवर राहील, आणि वेगळी डिस्क दर शनिवारी घरी न्या. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघा. न उघडणाऱ्या प्रती मी फार पाहिल्यात.

तेव्हा ताई, या शनिवारी एसएसडी आणि यूपीएस. त्याच दिवशी दरवाजाजवळच्या काउंटरचे दोन्ही प्लग तपासा आणि मुख्य पीसीचा पत्ता राखून ठेवा. आठवडाभर गर्दीतले आकडे बघून मग रॅम. क्लाउड याच महिन्यात, स्विच सवडीने. ३०० चा प्लॅन आणि राउटर कोटेशनमधून काढून टाका.

आणि जुनी हार्ड डिस्क पंधरा दिवस तशीच, काही न पुसता, कपाटात ठेवा. नव्यावर काही राहून गेलं असेल तर तिथे सापडेल. त्यानंतर ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. क्विक फॉरमॅट केल्याने नुसती यादी पुसली जाते, माल आतच असतो, आणि तुमच्या त्या डिस्कवर गिरगावातल्या किती जणांची नावं, फोन नंबर आणि कोण कुठलं औषध घेतं ते लिहिलेलं आहे. पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवा. ते जमत नसेल तर सुताराकडून ड्रिलने तबकडीच्या आरपार तीन-चार भोकं पाडून घ्या.